कागदावरचं कापुट

४ मार्च

ती. आक्कास,
सा. न. वि. वि.

नात परवा जन्मली, काल दोघी घरी आल्या. लेक बरी आहे. फोनवर तुला अर्धंच ऐकू येतं आणि आमच्या फोनभोवती सगळं घर गोळा होतं, म्हणून लिहितोय. वाचून झालं की पत्र फाडून टाक.

दवाखान्यातून मिळालेला कागद मी वाचला. बरंचसं कळलं नाही, पण एक शब्द कळला. बाळाच्या तपासणीपुढे लिहिलंय 'कापुट', आणि त्यापुढे अधिकची दोन चिन्हं. आक्का, हा शब्द मी छापखान्यात एकतीस वर्षं ओळखतो. आमच्याकडे दुरुस्तीला जर्मन फिटर यायचा. जे मशीन हाताबाहेर गेलं त्यावर तो खडूने कापुट लिहायचा आणि ते भंगारात जायचं. अधिकचं चिन्ह मात्र त्यानेही कधी काढलं नव्हतं. पोरीचं डोकं मागच्या बाजूला फुगलेलं आहे. डॉक्टर म्हणाले काळजी करू नका. ते तर सगळ्यांनाच तसं म्हणतात.

कागद मी हत्यारांच्या पेटीत लपवलाय. लेकीला सांगायचा धीर होत नाही. तू उभा जन्म बाळंतिणींच्या वॉर्डात काढलास. अशी मुलं किती दिवस जगतात तेवढं लिही. माझी समजूत काढू नकोस, खरं सांग.

थोरलीची माया आहेच, या वेळी जरा जास्त लागेल.
तुझा
भाऊ

५ मार्च

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

बाबांना झालंय तरी काय? तासन् तास पाळण्यापाशी उभे राहतात, पण बाळाला उचलत नाहीत. मी पुढे केली की हाताला ग्रीस आहे म्हणतात, आणि नुकतीच अंघोळ झालेली असते. शेजारच्या काकूंनी नात कुणावर गेली विचारलं, तर उठून आत निघून गेले.

मुलगी झाली म्हणून का गं? माझ्या वेळी त्यांनी छापखाना डोक्यावर घेतला होता असं तूच सांगतेस. मग आता काय बिनसलं? मला फार वाईट वाटतंय. त्यातून दवाखान्याचा कागद सापडत नाही, पुढच्या तपासणीला तो लागेल. तू त्यांना विचार, पण मी लिहिलंय हे कळू देऊ नकोस.

लाड करायला एक माणूस वाढलंय, तरी माझा वाटा कमी करू नकोस.
तुझी भाची

७ मार्च

चि. भाऊस,
अ. उ. आ.

नात ठणठणीत आहे. हे वाक्य दोनदा वाच, मगच पुढे जा.

कापुट म्हणजे डोकं. लॅटिन शब्द आहे. बाळ बाहेर येताना डोक्यावर दाब पडतो आणि तिथली कातडी सुजते. त्या सुजेचं नाव लांबलचक आहे, म्हणून घाईत पहिलाच शब्द लिहितात. दोन चिन्हं म्हणजे सूज जरा जास्त, एवढंच. औषध लागत नाही, दोन-चार दिवसांत आपोआप उतरते. मी अशी शेकडो डोकी पुसलीत.

तुझ्या फिटरचा शब्द 'के'ने सुरू होतो, हा 'सी'ने. तो म्हणे पत्त्यांच्या डावातून आला, एकही हात न करता हरला तो कापुट. या दोघांचं नातं काय, ते कोशवाल्यांनाही नक्की ठाऊक नाही. लॅटिन कापुटची पोरं मात्र कर्तबगार निघाली. कॅप्टन त्याच्यातून आला, राजधानीचं कॅपिटल आलं, पुस्तकातलं चॅप्टर आलं. दंडातला बायसेप्स म्हणजे दोन डोक्यांचा. आपल्या कपाळाशीही त्याचं जुनं नातं असावं, असं काही पंडित मानतात. तुझं पत्र वाचून मी कपाळाला हात लावला, तेव्हा मला तरी ते पटलं.

आता थट्टा पुरे. तू पोरीला हात लावत नाहीस, याचा घरात भलताच अर्थ निघतोय. मला कसं कळलं ते विचारू नकोस. पेटी उघड, कागद लेकीच्या हातात दे आणि सगळं सांग.

आशीर्वाद मोठ्यांना, मुका धाकटीला.
आक्का

११ मार्च

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

सूज पार उतरली. काल डॉक्टरांनी बाळाला नीट तपासलं, सगळं उत्तम आहे.

तुझं पत्र आलं तेव्हा बाबा ते दारातच वाचत उभे राहिले. मग कागद आणून माझ्यापुढे ठेवला आणि खाली मान घालून सगळं सांगितलं. मी आधी खूप चिडले. एवढी भीती त्यांनी एकट्याने उरावर घेतली आणि मी त्यांच्याबद्दल नाही नाही ते मनात आणलं. मग आई हसायला लागली आणि तिच्यामागे आम्हीही.

त्या संध्याकाळी मी त्यांना म्हटलं, की पोर राहणार नाही असं वाटत होतं, तर निदान तेवढे दिवस तरी तिला घ्यायचं होतं. ते म्हणाले, एकदा हातात घेतली असती तर मग कुणालाच देता आली नसती. आत्या, ते अगदी खरं निघालं. आज सकाळपासून ती त्यांच्याच मांडीवर आहे, दूध पाजायलासुद्धा मला मागून घ्यावी लागते.

माया करतेस तशीच करत राहा, आणि लवकर ये.
तुझी भाची