अर्लीनच्या फोटोला हार

३ मार्च
नाही म्हणजे नाहीच! अर्लीन टॉलिव्हरचं एकही गाणं सापडत नाही. १९६३ मध्ये अमेरिकेहून इथे न्यूझीलंडला आलेली कृष्णवर्णीय गायिका. वेलिंग्टनची हॉटेलं गाजवली, रेडिओवर गायली — आणि रेडिओवाल्यांनी त्याच टेपांवर घोड्यांच्या शर्यती रेकॉर्ड केल्या. धन्य! दोन वर्षं तिच्यावर डॉक्युमेंटरी करतेय आणि गायिकेचा आवाजच नाही. शार्दूल म्हणाला, फेस्टिव्हलला मूकपट म्हणून पाठव. नवरा आहे म्हणून वाचला.

६ मार्च
शेवट मात्र झकास जमलाय. तिचा फोटो, खाली ‘निधन १९९१’. एडिट करताना मीच रडले.

७ मार्च
माझ्या भिंतीवरच्या अर्लीनच्या फोटोला आईने चंदनाचा हार घातला. गेलेल्या बाईचा फोटो असा बोडका बरा दिसतो का, म्हणे. पुण्याहून येताना तिने असे तीन हार आणलेत. उरलेले दोन कुणासाठी, हे विचारायची माझी छाती नाही.

११ मार्च
आई जॉन्सनव्हिलच्या कम्युनिटी सेंटरला हाउजी खेळायला जाते. तिथली एक अमेरिकन बाई नंबर गाऊन पुकारते म्हणून रोज कुरकुर चालायची. आज तिलाच चहाला घेऊन आली. दार उघडलं — अर्लीन टॉलिव्हर! शहाऐंशी वर्षांची, पायात लाल जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, ठणठणीत. नुसतं आडनाव वाचून ज्या थडग्यापुढे मी कॅमेरा लावला होता, ते तिच्या बहिणीचं.

लिहू नये, पण माझ्या मनात पहिलं काय आलं? माझा शेवट गेला!

मग तिला हार दिसला. साठ वर्षांत आपल्याला कुणी हार घातला नव्हता, म्हणून भलतीच खूश झाली. आई आढ्याकडे बघत बसली. शेवटी हाराचा अर्थ मलाच सांगावा लागला. बाई इतकी हसली की पाणी द्यावं लागलं.

१२ मार्च
तिला फिल्म दाखवली. हात जोडले — कॅमेऱ्यासमोर एकच गाणं गा, मी शेवट बदलते.

‘‘एकदा रेकॉर्ड केलं होतं माझं,’’ ती म्हणाली. ‘‘पुसलं त्यांनी. तू मला मेलेलीच ठेव. जिवंत होते तेव्हा कुणी एक फोन केला नाही.’’

वर ट्रायल शोला पहिल्या रांगेतली खुर्ची मागितली. आई म्हणते, हट्टी आहे, मला आवडली. मला रडू आलं. रागाने.

२३ मार्च
दुपारी शहरातल्या एका छोट्या हॉलमध्ये ट्रायल शो. ‘निधन १९९१’ आलं. लोकांनी नाकं पुसली. आणि पहिल्या रांगेतून अर्लीन उठली, पडद्याकडे पाठ केली आणि गायली. माइक नाही, पेटी नाही. अख्खं गाणं.

कॅमेरा माझ्या मांडीवर होता. पहिल्याच ओळीला आठवला. बटण दाबलं नाही. मला फक्त ऐकायचं होतं.

फिल्ममध्ये अजूनही तिचा आवाज नाही. नसू दे!