देवाजीचा खर्रा आणि थांबलेला आकडा

लाखनी, मंगळवार, संध्याकाळ

जिंकलो! तलावाच्या नव्या पाटाचा उतार मोजताना माझा कॅल्क्युलेटर प्रत्येक खुंटीची उंची सेकंदभर दाखवायचा आणि पुढे पळायचा. ती मोठ्यानं वाचायची देवाजीनं, माझ्या जुन्या जोडीदारानं. आणि देवाजीच्या तोंडात तंबाखू-सुपारीचा खर्रा. तो थुंकेपर्यंत आकडा गायब! सकाळी दोनदा मोजलं, दोनदा फसलो. पाटाच्या टोकाला जिची बांधी, म्हणजे धानाचं शेत, त्या शांताबाई म्हणाल्या, "मशीन घेऊन आले अन् हात हलवत जाऊन राहिले! माह्या धानाले पाणी येईन का नाई, तेवढं सांगा."

गाढव मीच. कॅल्क्युलेटरसाठी लिहिलेल्या प्रोग्रॅममध्ये क्षणभर टेकायची आज्ञा घातली होती; हवी होती थांबायची. बटण दाबेपर्यंत हलायचं नाही! दुपारी एवढंच बदललं.

देवाजी म्हणाला, "भाऊ, मी खर्रा सोडू का?"

म्हटलं, खा बाबा. तुझा खर्रा सुटायची वाट पाहिली, तर पाट नातवंडं खणतील.

मग काय, प्रत्येक आकडा देवाजीची पिचकारी होईपर्यंत निमूट उभा! सगळ्या खुंट्या लागल्या, उतार पुरला. शांताबाईंना सांगितलं, पाणी येईल.

"मंग हे सकाळीच काहून नाई सांगतलं?"

मी कॅल्क्युलेटर खिशात टाकला. पण पाणी येणार!