निवाऱ्याच्या वहीतलं नाव

नॉरिच, सोमवार, ६ मार्च १९३३

चि. विल्फ्रेड यास,
हेटीताईचे अ. आ.

खोकला कमी आहे असं तू लिहितोस, पण ते तू नेहमीच लिहितोस. फ्लॅनेलची बंडी घालत जा.

इथे विचित्र प्रकार झालाय. लंडनच्या गरिबांत राहून आलेल्या एका शिकलेल्या गृहस्थाचं आठवणींचं पुस्तक आमच्या चॅपलच्या बायका वाचतायत. त्यात बेघरांच्या निवाऱ्यात भेटलेला एक अँब्रोज थर्टल आहे. या नावाचा माणूस आपल्या आख्ख्या नॉरफोक परगण्यात एकच, आणि तो माझा नवरा. त्यातून पुस्तकातल्याच सुमारास, गेल्या ऑक्टोबरात, हे लंडनला दोन दिवस चामडं बघायला गेले होते. चॅपलची मिसेस पेल मला म्हणाली की एवढं करून निवाऱ्यात निजावं लागलं, म्हणजे चामडं फारच महाग पडलं म्हणायचं.

येत्या रविवारी चॅपलचा कारभारी निवडायचाय. यांचं नाव पक्कं होतं. आता हे धड जेवत नाहीत. जोड्यांच्या कारखान्यात तुझ्या जागेचं मुकादमाशी बोलून ठेवलंय, तेही या गडबडीत मागे पडू नये. तुला यातलं काही ठाऊक असेल तर लगेच कळव.

तुझी वाट पाहणारी,
हेटीताई


लॅम्बेथ, लंडन, बुधवार, ८ मार्च १९३३

ती. अँब्रोजदाजी यांस,
विल्फ्रेडचा सा. न. वि. वि.

हे पत्र तिसऱ्यांदा लिहून काढतोय. आधीच्या दोन्हींत खाडाखोड फार झाली.

तो अँब्रोज थर्टल मी आहे. गोदामात कारकून असल्याचं ताईला लिहीत होतो, पण ती नोकरी ऑगस्टातच गेली होती; मग खोलीही सुटली, ताईची पत्रं तेवढी त्या पत्त्यावर जाऊन घेत होतो. निवाऱ्याचा नियम असा, की महिन्यात दुसऱ्यांदा त्याच दारात गेलं तर कोंडून ठेवतात. म्हणून तिथला प्रत्येक जण दुसरं नाव बाळगतो. वहीवाल्याने नाव विचारलं, तेव्हा मागे रांग होती, आणि मला एकच नाव सुचलं, ज्याच्यावर कुणी शंका घेणार नाही. पुस्तक लिहिणारा तो गृहस्थ शेजारच्या खाटेवर होता. पुस्तक मी काल वाचनालयात उभ्याने वाचलं. त्याने सुरुवातीला म्हटलंय की ही माणसं खोटीच नावं सांगतात, म्हणून ती तशीच छापायला हरकत नाही. त्याचा तरी काय दोष.

त्याने लिहिलंय की थर्टलने आपला पाव एका म्हाताऱ्याला दिला आणि स्वतः उपाशी राहिला. हे बरोबर नाही. माझी दाढ सुजली होती आणि पाव दगडासारखा होता. कोको मी पूर्ण प्यायलो. तुमच्या नावावर नसतं पुण्यही नको, म्हणून लिहितोय.

हे पत्र रविवारी सर्वांसमोर वाचा. निवाऱ्यात राहिलेल्याला कारखाना दारात उभं करत नाही, हे मला माहीत आहे. त्या जागेवरचा हक्क मी सोडला. ताईला रागावू नका, तिला यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

क्षमेची आशा न धरता,
विल्फ्रेड


नॉरिच, सोमवार, १३ मार्च १९३३

चि. विल्फ्रेड यास,
आशीर्वाद.

पत्र वाचलं, सगळं. दाढेपाशी लोक हसले. मिसेस पेलही हसली, मग तिने विचारलं की ज्या घरच्या मुलाला नाव चोरावं लागतं, त्या घरचे लोक तेव्हा कुठे होते. मी लंडनच्या त्या दोन दिवसांत तुझ्या पत्त्यापासून चार गल्ल्यांवर उतरलो होतो. भेटलो नाही, कारण मला गाडी गाठायची होती.

कारभारी मिस्टर पेल झाला.

मुकादम चॅपलमध्येच होता. बाहेर पडताना तो म्हणाला की कोको प्यायल्याचंही जो लिहून कळवतो, तो चामड्याची कात्रणं तरी नीट मोजील. येत्या सोमवारी सकाळी सहाला हजर राहा. हेटीने तुझी खोली झाडली आहे.

कारखान्याच्या दारावरही वही असते. नाव तुझंच सांग.

तुझा,
अँब्रोजदाजी