सांगलीहून सूरजची चौकशी

विश्रामबाग, सांगली
गुरुवार

ती. स्व. आप्पासोमामांना सृष्टीचा वाकून नमस्कार. (यावेळी जरा जास्तच वाकलेय, का ते पुढं कळेल.) तुमचा गुडघा कसा आहे? मंगलमामीची शुगर? काळी शेळी व्याली का? माझं मंगळवारपर्यंत बरं चाललं होतं. फोनच केला असता, पण तुम्ही फोन स्पीकरवर ठेवता आणि अख्खा पार ऐकतो. म्हणून हे पत्र दहिवडी गाडीच्या नाथाजीकाकांच्या हाती देतेय. मराठी लिहायची सवय नाही (शाळेत मराठी बोललं की बाकावर उभं करायचे), तर चुका पोटात घाला. सगळ्याच.

मी कंपनीत मॅनेजर झाले असं तुम्ही गावभर सांगितलंय, ते माझ्या कानावर आलंय. मामा, मी इंटर्न आहे. नोकरीला माणसं शोधून देणारं आमचं ऑफिस आहे, तिथं मी फॉर्म लावते आणि वीरधवल सरांच्या मागं पळते. महिना संपला की सर्टिफिकेट मिळेल, असं मंगळवारपर्यंत वाटत होतं. तर कुणाला घ्यायच्या आधी त्याच्या ओळखीच्या माणसाला फोन करून तो कसा आहे ते विचारतात. प्रश्न सगळे इंग्लिशमधले. मी म्हटलं, आपल्या लोकांना आपल्या भाषेत विचारू, आणि अख्खा रविवार घालवून ते मराठीत केले. सर इतके खूश झाले की म्हणाले, पहिला फोन तूच लाव.

पहिलाच फॉर्म निघाला आपल्या बनाबाईंच्या सूरजचा. कोल्ड स्टोरेजवर सुपरवायझरची जागा. ओळखीचा माणूस म्हणून त्यानं तुमचं नाव दिलेलं. मी तिथंच सरांना सांगायला पाहिजे होतं की हे माझे सख्खे मामा. (नातेवाइकाला फोन करायचा नाही, अशा कागदावर मी सही केलीय.) पण पहिला फोन हातचा जाईल म्हणून गप्प बसले. ऑफिसचा आवाज काढला, तुम्हाला आप्पासाहेब म्हणाले, आणि स्पीकर चालू करून सुरुवात केली: आम्ही सांगलीहून बोलतोय, सूरजची जरा चौकशी करायची होती. मुलगा स्वभावाला कसा आहे? काही व्यसन? जबाबदारी निभावेल का?

मामा, तुम्ही आधी घसा खाकरलात. मागं शेळ्या ओरडत होत्या. मग तुम्ही सुरू झालात. "आवं मॅडम, लय आळशी पोरगं. धा वाजल्याबिगर उठत न्हाई. तंबाखू तर जेवणागत खातंय. आईला उलटून बोलतंय." मी खुणावतेय कुणाला, फोनला! सर शेजारी बसून लिहितायत. ज्या सूरजनं तुमच्या गुडघ्याच्या ऑपरेशनला दोन महिने पहाटे उठून तुमच्या शेळ्या चारल्या, त्याच्या नावापुढं सरांनी लाल पेनानं 'नको' लिहिलं आणि चहाला गेले. दार लागलं, आणि तुम्ही आवाज खाली आणून म्हणालात, "तुमी चांगल्या घरच्या दिसताय, मॅडम. पोरगी दुसरीकडं बघून द्या. हितं नगा."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. फोन ठेवून मी मंगलमामीला तिच्या फोनवर विचारलं. ती म्हणाली, "तुझ्या मामानं तो पोरगा आपल्या सोनमसाठी धरून ठिवलाय, पर बोलू नगंस कुटं." म्हणजे तुमच्या लेकीसाठी सांगलीचं स्थळ मोडायला तुम्ही पोराची नोकरी मोडलीत. आणि चौकशीचे ते शब्द माझेच, त्यामुळं तुम्हाला तरी काय बोलू?

बाकी सगळं क्षेम. मामींनी शेंगाची चटणी पाठवली तर बरं होईल.

तुमची भाची,
सृष्टी

ता. क. चटणी राहू द्या. शनिवारी बाराच्या आत ऑफिसला फोन करा आणि खरं काय ते सांगा. ज्यानं वाईट सांगितलं त्यानंच फिरवलं तरच ते लाल अक्षर खोडतात. माझं नातं मी उद्या सकाळी सरांना सांगणार आहे, सर्टिफिकेट गेलं तर गेलं. फॉर्ममध्ये 'तुमचे कोण' असा एक रकाना असतो. सूरजनं तिथं 'वडिलांसारखे' लिहिलंय.

ता. क. २. अजून विचार करत असाल तर ऐका. तिथंच माल तपासायच्या जागेला काल आणखी एक फॉर्म आला. आपल्या सोनमचा. घरी सांगितलेलं दिसत नाही. ओळखीचा माणूस म्हणून तिनं सूरजचं नाव दिलंय. सोमवारी अकराला सर स्वतः त्याला फोन करून विचारणार आहेत, मुलगी कशी आहे.