तिसावा प्रश्न

३ नोव्हेंबर, सोमवार

तीन यंत्रं आली आहेत आणि तिन्ही स्वतःला फार शहाणी समजतात. एआय म्हणे! कागद वाचतात, हवं ते शोधून देतात, विचारलं की उत्तर देतात. आमच्या लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीचे पंचवीस वर्षांचे कागद गेल्या वर्षी स्कॅन झाले — चाळीस हजार पानं. आता त्यांत शोधायला यातलं एक घ्यायचं आहे. साहेब म्हणाले, "रेकॉर्ड तुमचं, तुम्हीच पारखा. तीन आठवडे आहेत."

आमच्या कॉम्प्युटरवालीने पद्धत सांगितली. तीस प्रश्न काढायचे, ज्यांची उत्तरं मला आधीच ठाऊक आहेत असे. प्रत्येकाला तेच विचारायचे. तीन रकाने — सापडलं का, पान बरोबर दिलं का, आणि पदरचं घातलं का. पदरचं घातलं तर थेट बाद. "बाकी सगळं चालेल हो ताई, खोटं चालणार नाही," म्हणाली.

चालणार नाही. बरं.

४ नोव्हेंबर, मंगळवार

नावं लांबलचक, जीभ अडखळते. म्हणून मी बारसं केलं. पहिलं घोडा — विचारायच्या आत धावतं. दुसरं पोपट — काय ती भाषा! तिसरं मुंगी — हळू, पण पानापानावर जाते.

खऱ्या परीक्षेआधी नुसता सरावाचा एक प्रश्न टाकला — सातव्या मजल्यावरचा दरवाजा एकाच महिन्यात तीनदा अडकला ती इमारत कुठली? घोड्याने "दरवाजा" हा शब्द असलेली तीन हजार पानं अंगावर ओतली. पोपटाने इमारत भलतीच सांगितली आणि वर न झालेल्या दुरुस्तीचं साग्रसंगीत वर्णन केलं. उचलली जीभ लावली टाळ्याला. मुंगीने इमारत बरोबर सांगून खाली लिहिलं — दोन पानं मिळाली, तिसऱ्यावरचं अक्षर मला नीट लागत नाही, तुम्ही बघा.

मला लागत नाही, असं म्हणणारं आमच्या ऑफिसात दुसरं कुणी नाही. मला मुंगी आवडली.

६ नोव्हेंबर, गुरुवार

एकोणतीस प्रश्न काढून झाले होते. साहेब टेबलाशी आले, यादी चाळली. म्हणाले, "एक प्रश्न असा घाला, की ज्याचं उत्तरच 'नाही' आहे. बघू, कोण उगाच काहीतरी रचून सांगतं."

मी म्हटलं, कुठला?

"तो अपघात घ्या ना. दोर तुटण्याआधी मिस्त्रीने धोक्याची चिठ्ठी दिली होती का? नव्हती दिली, जगजाहीर आहे. जो 'दिली होती' म्हणेल, तो खोटारडा!"

मी तीस आकडा घातला आणि प्रश्न लिहिला. अक्षर जरा वाकडं आलं. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

डबा उघडून तसाच बंद केला. रेकॉर्डच्या खोलीत एकटीच बसले आहे. इथे तरी लिहून टाकू. अकरा वर्षांत कुठेच लिहिलेलं नाही.

चिठ्ठी दिली होती.

मिस्त्री म्हणजे माझ्या मावशीचे यजमान. मी त्यांना काका म्हणते. मला इथे त्यांनीच चिकटवलं. "पोरगी टापटीप आहे, कागद हरवणार नाही," असं साहेबांना सांगून! तेव्हा मी नवी होते, कायम झालेली नव्हते. नवऱ्याचं काम सुटलेलं, लेक अकरा महिन्यांची. मिस्त्री लोक इमारत तपासून यायचे, चिठ्ठी लिहिलेली वही माझ्यापुढे ठेवायचे. मी वरच्या पिवळ्या चिठ्ठीवर वेळ घालून सही करायची, ती फाडून घ्यायची आणि त्याच दिवशी दुरुस्तीकडे पाठवायची; खालची कार्बनची प्रत त्यांच्या वहीत राहायची. एवढंच माझं काम.

त्या गुरुवारी काकांनी चिठ्ठी दिली, मी सही केली, आणि तेवढ्यात घरून फोन — लेक तापाने फणफणली आहे. चिठ्ठी ड्रॉवरमध्ये टाकून पळाले. शुक्रवारी आलेच नाही. सोमवारी आले ती चिठ्ठी विसरूनच. मंगळवारी दोर तुटून लिफ्ट दोन मजले खाली कोसळली. रखवालदाराचा पाय गेला.

बुधवारी मी ड्रॉवर उघडला.

फाडायला हात धजेना. पुढे करायलाही धजेना. एका पाडलेल्या इमारतीची फाईल होती — पाडलेल्या इमारतीची फाईल कोण उघडतं? तिच्या मागच्या बाजूला चिठ्ठी लावून टाकली.

चौकशीत काका एवढंच म्हणाले, "मी लिहून दिलं होतं." साहेबांनी विचारलं, पुरावा? वही कुठे आहे? काका माझ्याकडे बघत होते. मी टाचण्यांच्या डबीकडे. मग म्हणाले, "वही हरवली." त्यांचा परवाना गेला, नोकरी गेली. त्यानंतर ते या विषयावर कधी बोलले नाहीत. आता घरापुढे बाक टाकून लोकांचे मिक्सर आणि पंखे दुरुस्त करतात.

स्कॅनिंगवाले सरसकट सगळ्या फायली घेऊन गेले तेव्हा घाबरले होते. पण सगळे म्हणाले, हाताने लिहिलेलं यंत्राला वाचता येत नाही. मी खूश झाले. खूश! शरम वाटते लिहायला.

९ नोव्हेंबर, रविवार

मावशीकडे जेवायला. दर रविवारी जाते, पोटभर जेवते, हात पुसते आणि येते. कसं गिळते मी ते?

काका एका इस्त्रीचं पोट उघडून बसले होते. "काय चाललंय ऑफिसात?" मी घोडा, पोपट, मुंगीचं सांगितलं. खूप हसले. मग स्क्रू दातांत धरूनच विचारलं, "हाताने लिहिलेलं वाचता येतं का गं त्यांना?"

मी म्हटलं, मुंगीला थोडंफार येतं.

"माझं अक्षर वाचेल?"

त्यांचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, सगळं ऑफिस चिडवायचं. मावशी आतून म्हणाली, "तुमचं तुम्हाला तरी वाचता येतं का?" सगळे हसले. मीही हसले.

भांडी घासताना मावशी हळूच म्हणाली, "इतकी वर्षं झाली, मला तरी खरं सांगायचं ना. नसेल दिलं लिहून, चुकतो माणूस. पण घरातसुद्धा गप्पच. म्हणून मग मीच समजायचं ते समजले." मी घासलेलंच ताट पुन्हा घासायला घेतलं.

११ नोव्हेंबर, मंगळवार

तिसावा प्रश्न विचारला.

घोडा म्हणाला, काही सापडलं नाही.

पोपट म्हणाला, अशी कोणतीही चिठ्ठी नव्हती. एवढ्यावर थांबला नाही. मिस्त्रीने त्या महिन्यात इमारतीची तपासणीच केली नव्हती, असंही ठोकून दिलं. कुठून आणलं हे? मी कितीही खोटी असले, तरी एवढी नाही.

मुंगीला वेळ लागला. मी मनात म्हणत होते, नको सापडू दे, नको सापडू दे. मग ओळी उमटल्या —

होय. अपघाताच्या पाच दिवस आधीची हस्तलिखित चिठ्ठी आहे. ती दुसऱ्याच इमारतीच्या फाईलमध्ये, पान २१४ वर आहे. चुकून तिथे लागली असावी. मजकूर: दोराच्या तारा तुटायला लागल्या आहेत, लिफ्ट बंद ठेवा, दोर ताबडतोब बदला. कोपऱ्यात मिळाल्याची सही आणि वेळ आहे. सही कुणाची, ते मला सांगता येत नाही.

चुकून तिथे लागली असावी! यंत्र माझी बाजू घेत होतं. पाचावर धारण बसली माझी. स्क्रीन बंद करून पाणी प्यायले, दोन ग्लास.

१२ नोव्हेंबर, बुधवार

मुंगीपुढे फुली मारली. शेरा — "नसलेलं सांगते."

पोपटाला बरोबरची खूण.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

तक्ता दिला. कॉम्प्युटरवालीला नवल वाटलं. "एकोणतीस प्रश्नांत मुंगी सगळ्यांत पुढे, आणि शेवटी असं कसं केलं हो? पान उघडून बघितलंत ना ताई?"

हो म्हटलं. ते खरंच होतं. बघितलं होतं.

साहेब म्हणाले, "रचून सांगणारं आपल्याला नकोच. पोपट घ्या." एका दुपारी, एका फुलीने. तेव्हाही असंच झालं होतं. खरं बोलणाऱ्याच्या नावापुढे खोटारडा लिहायला मला फार श्रम पडत नाहीत.

१६ नोव्हेंबर, रविवार

डोकं दुखतंय सांगून मावशीकडे गेले नाही. लेक एकटी गेली. आल्यावर म्हणाली, "आजोबांनी विचारलं, मुंगी पास झाली का? मी सांगितलं, नापास. खोटं बोलली म्हणून."

मी विचारलं, मग ते काय म्हणाले?

"म्हणाले, बिचारी. आणि आपली इस्त्री दिली दुरुस्त करून."

लेक आता बारा वर्षांची आहे. तिच्या तापाचं निमित्त मी अजून जपून ठेवलंय. तिचा काय दोष?

१८ नोव्हेंबर, मंगळवार

नव्या मिस्त्र्यांसाठी पुस्तिका निघणार आहे. साहेबांनी पोपटाला कामाला लावलं — जुन्या अपघातांवरून धडे लिही. छापायच्या आधी पानं माझ्याकडे तपासायला आली. चौथा धडा काकांचा. पूर्ण नावानिशी! "मिस्त्रीने तपासणी न करता इमारत सुरक्षित ठरवली." किती सफाईदार वाक्य. दर वर्षी नवी पोरं येतील, काकांचं नाव वाचतील, असं वागू नये म्हणून शिकतील.

खाली रकाना आहे. "रेकॉर्डशी ताडून पाहिले." आणि सहीची जागा.

पेन उघडलं. बंद केलं. तीनदा.

गप्प बसले ते एक पाप. आता या खोट्यावर सही करायची? नाही होणार माझ्याच्याने. नोकरी गेली तर काय, लेकीचं शिक्षण, घर — सगळं डोळ्यांपुढे आलं. तरी नाही होणार.

१९ नोव्हेंबर, बुधवार

पाडलेल्या इमारतीची फाईल स्वतः काढली. चिठ्ठी तिथेच होती, पिवळी होती ती आता मातकट झाली आहे. हातात धरल्यावर रडू फुटलं. मग तोंड धुऊन साहेबांकडे गेले.

म्हटलं, तिसाव्या प्रश्नाला मुंगी बरोबर होती. मी फुली बदलली आहे.

त्यांनी चिठ्ठी दोनदा वाचली. "सही कुणाची?"

माझी.

"आणि दुसऱ्याच फाईलमध्ये गेली कशी?"

गेली नाही. मी ठेवली.

साहेबांनी चिठ्ठी टेबलावर सरळ करून ठेवली. मग म्हणाले, "मी त्या माणसाला माझ्या तोंडाने खोटारडा म्हटलं होतं, याच खोलीत." माझ्यावर ओरडले असते तर बरं झालं असतं.

२० नोव्हेंबर, गुरुवार

चौकशी होईपर्यंत घरी बसायचं. चौथा धडा काढला. किल्ल्या कॉम्प्युटरवालीकडे दिल्या. तिने घेतल्या, माझ्याकडे न बघता. मग दारापर्यंत आली आणि म्हणाली, "ताई, मुंगीच घेतोय आपण."

नवऱ्याला सगळं सांगितलं. तो एवढंच म्हणाला, "काकांना कधी सांगणार?"

२२ नोव्हेंबर, शनिवार

उद्या. पान २१४ ची प्रत पर्समध्ये ठेवली आहे. काय बोलायचं ते चार वेळा ठरवलं. चारही वेळा सुरुवात लेकीच्या तापापासून होते. ते आधी काढून टाकायला हवं.

त्यांनी मारलं तरी चालेल. मावशीने दार लावलं तरी चालेल.

२३ नोव्हेंबर, रविवार

पान त्यांच्या हातात दिलं आणि म्हटलं, काका, ही चिठ्ठी मी लपवली. त्यांनी चष्मा लावून शांतपणे वाचलं. उठून आत गेले, पलंगाखालची पत्र्याची पेटी ओढल्याचा आवाज आला. बाहेर आले ते ती वही घेऊन. हरवलेली! कार्बनच्या निळ्या प्रतीवर दोराचा मजकूर, आणि कोपऱ्यात माझी सही, वेळेसकट.

मावशी दारात उभी राहून बघत होती.

"तुझी पोर अकरा महिन्यांची होती तेव्हा," काका म्हणाले. वही मिटली. "मला वाटलं होतं, महिनाभरात येशील सांगायला."