ब्रेक या शब्दाची वही

मी, देवराम धाकू भोईर, वय चौऱ्याहत्तर, निवृत्त इंग्रजी शिक्षक, राहणार कोलशेत गाव, ठाणे, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाशिवाय, स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. डॉक्टर सरोजबाईंनी आज सकाळीच तपासून प्रकृती ठणठणीत असल्याचा दाखला दिला आहे. तपासण्यात त्यांचे काही चुकले, असे उद्या कोणी म्हणू नये.

१. राहते घर व मागची चिंचेखालची जागा नात रुचिता हिला मिळावी.

२. पुस्तके शाळेला द्यावीत. मेव्हणा साईनाथ याला एकही शब्दकोश देऊ नये. मागे नेलेला त्याने अजून परत केलेला नाही.

३. निळ्या पुठ्ठ्याची वही. हिच्याबद्दल सविस्तर लिहिणे भाग आहे. 'ब्रेक' या एका इंग्रजी शब्दाचे अर्थ मी तीत आयुष्यभर गोळा केले. हाड मोडते, बांध फुटतो, लग्न मोडते, बातमी फुटते, दिवस उजाडतो. इंग्रजाला एवढ्या सगळ्याला एकच शब्द पुरतो. प्रत्येक अर्थाला एक वाक्य, आणि वाक्यात पुढच्या बाकावरच्या मुलाचे नाव. आम्हा मास्तरांची खोडच ती. मुले खूश होतात.

"सुदेशचा हात मोडला" असे लिहिले आणि आठ दिवसांत सुदेश शाळेच्या जिन्यावरून पडला. पुढचे वाक्य, "खाडीचा बांध फुटून प्रेमच्या घरात पाणी शिरले." ते वाचून काळुराम रुसला, माझे नाव घाला म्हणून मागेच लागला. मी प्रेम खोडून काळुराम केले. त्या पावसाळ्यात बांध फुटला. काळुरामच्या घरात गळ्याएवढे पाणी होते. शेजारच्या प्रेमचा उंबरा कोरडा होता.

त्यानंतर संचिताने लग्न मोडल्याचे वाक्य होते. पत्नी रंभा हिच्या सांगण्यावरून मी ते शाईने पार काळे केले. नऊ वर्षांनी संचिता अंगावरच्या हळदीसकट मांडवातून उठून गेली. म्हणजे नाव बदलता येते, वाक्य पुसता येत नाही. मी शिकलेला माणूस, योगायोगच म्हणत राहिलो. हा ताठा मला नडला.

४. निवृत्तीनंतर मी घरातली नावे घालू लागलो. "रवींद्रने आईला दिलेला शब्द मोडला." रवींद्र माझा मुलगा. घर बिल्डरला देणार नाही, असे वचन रंभाने मरताना त्याच्याकडून घेतले होते. गेल्या सोमवारी तो बिल्डरला परस्पर होकार देऊन आला. मी भांडलो नाही. ते वाक्य माझ्याच हातचे आहे. माझा त्याच्यावर राग नाही, हे त्याला मोठ्याने वाचून दाखवावे.

५. वाक्ये वहीतल्या क्रमानेच खरी होत आली. आता एकच उरले आहे. रुचिता सात वर्षांची असताना सुटीत उशिरापर्यंत लोळत असे. तिला चिडवायला मी लिहिले, "उजाडले तरी रुचिता उठली नाही." ती खूप हसली. रंभाने वही मिटली आणि एवढेच विचारले, "पोरीचा नाव कनाला घातला?"

बारा वर्षे मी रोज पहाटे तिच्या दाराशी उभा राहून तिचा श्वास ऐकतो. सोमवारपासून मला फार भीती वाटते.

६. सह्या झाल्या की याच पेनाने मी तिचे नाव खोडून तेथे माझे लिहिणार आहे. वही आणि पेन माझ्याबरोबर सरणावर ठेवावे. कोणी उघडून पाहू नये, 'ब्रेक'चा एखादा अर्थ लिहायचा राहिला असेल तर राहू द्यावा. कलम तीनपासून पुढचे रुचिताला कधीही सांगू नये.

७. उद्या सकाळी घरात धावपळ होईल. त्या गडबडीत रुचिताला कोणी हाक मारू नये. तिला झोपू द्यावे. ती आपली आपण उठेल.

येथे माझे सांगणे संपले.

(सही) देवराम धाकू भोईर

साक्षीदार, ज्यांच्यासमोर वरील सही झाली:
१. सुदेश मढवी. उजवा हात तेव्हापासून नीट वळत नाही, म्हणून डाव्या हाताने सही.
२. डॉ. सरोज वैती.

स्थळ: कोलशेत, ठाणे
दिनांक: ९ डिसेंबर २०२५