कारण विचारायचं नाही

आईस नमस्कार, आणि बाबांना त्यांच्या दुखऱ्या गुडघ्यासकट नमस्कार.

मी मजेत आहे. जेवण वेळेवर होतं. खोलीत पोहायचा सूट वाळत असतो, म्हणून सगळ्याला रबराचा वास येतो, एवढंच. ताईच्या बाळाला दात आले का?

पाण्याखालच्या गुहांत उतरायचं शिक्षण सुरू आहे, पण सल्ल्यांनी डोक्याचा पार भुगा झालाय. सर म्हणतात, हे पुस्तक वाच. सिलिंडर भरून देणारी बाई म्हणते, ते आधी फेकून दे. दोघांनी सुचवलेले व्हिडिओ एकमेकांशी भांडतात. टॉर्च हातात धरावा की डोक्यावर बांधावा, यावरसुद्धा एकमत नाही. एक ना धड, भाराभर चिंध्या!

एकाच नियमावर सगळे ठाम आहेत. आत कुणालाही, कधीही परत फिरावंसं वाटलं, तर त्याने खूण करायची आणि बाकीच्यांनी मुकाट्याने वळायचं. कारण विचारायचं नाही, वर आल्यावरही नाही.

आज मी खूण केली. घाबरू नकोस, हवा भरपूर होती, वाटेची दोरी हाताशी होती. तरी केली. सगळे वळले. वर आल्यावर सरांनी चहा दिला आणि क्रिकेटवर बोलत बसले.

मी घाबरले, शहाणपणा केला, की मला हे मुळात करायचंच नाहीये? काही कळत नाही गं.

कोपऱ्यावरच्या दुकानातून रिकाम्या हाताने आले तरी तू उलटतपासणी घेतेस. पत्र मिळताच फोन कर. गुडघ्याचं नंतर सांग. आधी विचार, "का गं परत फिरलीस?"

तुझी,
धाकटी